स्मार्टफोनवरील इंग्रजी स्वाध्याय (मुंबई)

शिक्षकाविना, सवडीप्रमाणे, स्मार्टफोनमधील ॲप, व्हिडिओ व ध्वनिपाठ यांच्या आधारे इंग्रजी शिकण्याची पद्धत. मुंबईत नोकरीच्या मुलाखतीची तयारी करणारे तरुण, मराठी माध्यमातून शिकलेले कर्मचारी आणि मुलांचा अभ्यास घेऊ पाहणारे पालक तिचा अवलंब करतात.

पद्धतीचा आरंभ कोठून धरावा, याविषयी मतभेद आहेत. जॅक बर्स्टन यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेली मोबाइल-भाषाशिक्षणाच्या प्रयोगांची सूची १९९४ पासून सुरू होते. काही अभ्यासक स्टॅनफर्ड विद्यापीठातील सुमारे २००१ च्या मोबाइलवरील स्पॅनिश पाठांपासून, तर काही जॉर्ज चिनरी यांच्या मोबाइलवरील भाषाशिक्षणाविषयीच्या २००६ मधील लेखापासून या शाखेची गणना करतात. मात्र यांतील बरेच प्रयोग संस्थांनी आखलेले होते. काय शिकावे हे शिकणारा ठरवीत नव्हता. आपल्या शिक्षणाची सूत्रे आपल्याकडे घेण्याची क्षमता, ही भाषाशिक्षणाचे अभ्यासक आंरी ओलेक यांची शिकणाऱ्याच्या स्वायत्ततेची १९८१ मधील व्याख्या लावल्यास तर्खडकरांची भाषांतर पाठमाला, रॅपिडेक्स यांसारखी पुस्तके घेऊन घरी बसणारा विद्यार्थीच या पद्धतीचा जवळचा पूर्वज ठरतो.

भाषा शिकवणारे ड्युओलिंगो ॲप २०१२ मध्ये सर्वांसाठी खुले झाले असले, तरी मुंबईतील प्रसार साधारणपणे २०१६ पासून मानणे सयुक्तिक होय. त्या वर्षी जानेवारीत मुंबई सेंट्रल स्थानकात रेलटेल व गूगल यांची मोफत वाय-फाय सेवा सुरू झाली आणि सप्टेंबरात जिओ आल्यावर डेटा स्वस्त झाला.

अनेक ॲपमधील शब्दांची उजळणी वाढत्या अंतराने होते. तिचे मूळ हेर्मान एबिंगहाउस यांच्या विस्मरणविषयक प्रयोगांत (१८८५) सापडते. झेबास्टिआन लाइटनर यांनी १९७० च्या दशकात शब्दांची कार्डे वेगवेगळ्या खणांत ठेवून, तर प्योत्र वोझ्निअक यांनी १९८७ मध्ये संगणकावर ती राबवली. शब्द आठवला की पुढची भेट लांबते, चुकला की तो लवकर परततो.

उच्चारांचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. इंग्रजी व्ही मराठीभाषक बहुधा ‘व्ह’ असा महाप्राण (हकारयुक्त) उच्चारतात आणि डब्ल्यूसाठी ‘व’ वापरतात. म्हणजे भेद राखला जातो, पण तो इंग्रजीच्या रीतीने नव्हे. उलट ‘जागा’ शब्दातील ज झेडच्या जवळ असल्याने तेथे मराठीभाषकाला फारसे सायास पडत नाहीत. ‘द’ व ‘अ’ या उपपदांना मराठीत समांतर रूप नसल्याने ती मात्र दीर्घकाळ चुकतात. पुष्कळसे पाठ हिंदीतून समजावले जात असल्याने या मराठीविशिष्ट अडचणी त्यांत सहसा येत नाहीत.

लोकलमध्ये प्रामुख्याने ऐकणे व वाचणे होते. विरार-चर्चगेट प्रवासात वेळ भरपूर मिळतो. पण गर्दीच्या डब्यात मोठ्याने वाक्ये म्हणणे संकोचाचे, आणि गोंगाटात फोनला आवाज ओळखणेही कठीण. त्यामुळे संभाषण मागे पडते.

राज्यातील मराठी शाळांत २००० पासून पहिलीपासून इंग्रजी आले. त्यापूर्वी ते पाचवीपासून असे. पालकवर्गातील या पद्धतीची ओढ पालक व मुले यांच्या शालेय इंग्रजीतील या अंतराशी निगडित असावी.