‘मध्यम’ हवेची पार्श्वभूमी

वर्तमानपत्राच्या चौकटीत ‘मुंबईची हवा मध्यम’ असं छापून येतं आणि आपण पान उलटतो. हा ‘मध्यम’ आला कुठून?

मुंबईत धुराविरुद्धचा कायदा १९१२ मध्येच आला. त्याच्या नावातच धुराला ‘उपद्रव’ म्हटलं होतं, आजाराचं कारण नव्हे. देशपातळीवरचा कायदा १९८१ चा. १९९४ च्या मानकांत औद्योगिक, निवासी आणि संवेदनशील भागांसाठी वेगवेगळ्या मर्यादा होत्या. कारखान्यांच्या पट्ट्यात राहणाऱ्याच्या फुप्फुसांना जास्त धूळ चालेल, असाच त्याचा अर्थ. २००९ मध्ये उद्योग आणि वस्ती यांतला हा भेद गेला आणि पीएम २.५ म्हणजे अतिसूक्ष्म कणांना पहिल्यांदा मर्यादा मिळाली: २४ तासांसाठी ६० मायक्रोग्रॅम प्रतिघनमीटर, वर्षासाठी ४०.

खरा गुंता २०१४ चा. त्या वर्षी हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक, म्हणजे एक्यूआय, जाहीर झाला. मोजलेल्या प्रत्येक प्रदूषकाचा वेगळा उपनिर्देशांक काढतात; त्यांतला सर्वांत वाईट, तोच त्या दिवसाचा एक्यूआय. पायऱ्या सहा: चांगली, समाधानकारक, मध्यम, वाईट, अतिवाईट, गंभीर. १०१ ते २०० म्हणजे मध्यम, आणि पीएम २.५ च्या हिशेबात ६१ ते ९० मायक्रोग्रॅम. म्हणजे आपलीच ६० ची मर्यादा ओलांडली की हवा ‘मध्यम’ होते! मराठीत मध्यम म्हणजे बरं, चालण्यासारखं. मर्यादा मोडल्याची जराही चाहूल त्या शब्दात नाही.

मोबाइलवर दोन अ‍ॅप दोन गोष्टी का सांगतात, याचं उत्तरही बरंचसं इथेच आहे. पीएम २.५ जर ७५ मायक्रोग्रॅम असेल तर आपल्याकडे निर्देशांक १५० च्या आसपास येतो, अमेरिकी पद्धतीत १६० च्या पुढे. आकडे जवळजवळच, पण तिकडे त्याच हवेला ‘आरोग्याला अपायकारक’ म्हणतात. शिवाय आपल्या ‘मध्यम’सोबत अधिकृत सूचनाही आहे: दम्यासारखे फुप्फुसाचे विकार असलेल्यांना श्वासाचा त्रास होऊ शकतो, हृदयरोगी, लहान मुलं आणि वृद्धांनाही त्रास जाणवू शकतो. चौकटीत आकडा छापला जातो, रंग छापला जातो. ही सूचना गळते. मला हे अक्षम्य वाटतं.

कारण पीएम २.५ चे हे कण केसाच्या जाडीच्या विसाव्या-तिसाव्या हिश्शाचे. नाकात अडकत नाहीत, वायुकोशांपर्यंत जातात, त्यांतले काही रक्तातही उतरतात. हृदयविकार, पक्षाघात, फुप्फुसाचा कर्करोग, कमी वजनाची बाळं या सगळ्यांशी त्यांचा संबंध दिसून आलेला आहे. बाहेरच्या प्रदूषित हवेची गणना २०१३ पासून कर्करोगकारकांत होते. २०२१ मध्ये पीएम २.५ साठी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस वर्षाला १० वरून ५ मायक्रोग्रॅमवर आली. आपली मर्यादा तेव्हाही ४० च होती.

समुद्राचा वारा सगळं धुऊन नेतो, हा मुंबईकरांचा विश्वास २०२२-२३ च्या हिवाळ्यात ढळला. बांधकामं चहूकडे, राडारोड्याचे डंपर, सिमेंट मिक्सिंगचे प्लांट, वाहनं, आणि त्यात वारा पडलेला. खिडकीच्या ग्रिलवरून सकाळी ओलं फडकं फिरवलं की संध्याकाळी पुन्हा तेवढंच काळं. ऑक्टोबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, त्याच महिन्यात पालिकेची नियमावली आली: ७० मीटरपेक्षा उंच बांधकामाभोवती ३५ फुटी पत्रे, हिरवी जाळी किंवा गोणपाट, पाण्याचे फवारे, झाकलेले डंपर. जानेवारी २०२५ मध्ये लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना इंधन बदलायला सहा महिने मिळाले.

निर्देशांक २४ तासांच्या सरासरीचा असतो. रात्री वारा जमिनीकडून समुद्राकडे वळतो, प्रदूषित हवा जमिनीलगत अडकून राहते, आणि पहाटे शाळेच्या बसची वाट पाहणारं मूल त्या दाट थरात उभं असतं. सकाळच्या पेपरात तीच हवा मध्यम असते.