पायमोजे, सर्व्हर आणि खोकी : अमेरिकेतल्या गोपनीय कागदांच्या वादाची पार्श्वभूमी

डोनाल्ड ट्रम्प यांच्या फ्लोरिडातल्या मार-अ-लागो या निवासस्थानी न्हाणीघरात झुंबराखाली रचलेल्या खोक्यांचा फोटो जून २०२३ मध्ये जगभर पोचला. तेव्हापासून अमेरिकेतल्या गोपनीय कागदपत्रांची गोष्ट ट्रम्प यांच्यापासून सांगायची पद्धत पडली आहे. काही जण ती हिलरी क्लिंटन यांच्या ईमेलपासून सांगतात. सुरुवात कुठून करायची हे बहुधा सांगणारा कुणाच्या बाजूचा आहे यावर ठरतं. या वादांचा साचा मात्र २००४ मध्येच तयार झाला होता आणि ज्यांच्यामुळे झाला ते सँडी बर्गर आज फारसे कुणाला आठवत नाहीत.

बर्गर हे बिल क्लिंटन यांचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार होते. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांची चौकशी करणाऱ्या आयोगाचं काम चालू असताना, २००३ मध्ये, ते वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये, म्हणजे सरकारी दप्तरखान्यात, आपल्या काळातले कागद वाचायला जात. सन २००० उजाडतानाच्या दहशतवादी धोक्यांना सरकारने कसं तोंड दिलं, याचा आढावा घेणारं एक गोपनीय टिपण त्यात होतं. त्याच्या पाच प्रती बर्गर यांनी गुपचूप बाहेर नेल्या. एकदा तर इमारतीबाहेर बांधकाम चालू होतं तिथल्या ट्रेलरखाली कागद ठेवून दिले आणि नंतर येऊन उचलले. तीन प्रती त्यांनी आपल्या कार्यालयात कात्रीने कापून टाकल्या. आर्काइव्ह्जच्या कर्मचाऱ्यांना आधीच संशय आला होता आणि त्यांनी कागदांवर हाताने क्रमांक घालून ठेवले होते, म्हणून हे उघडकीस आलं.

बातमी फुटली जुलै २००४ मध्ये, आयोगाचा अहवाल यायला जेमतेम दोन-तीन दिवस असताना. बर्गर तेव्हा डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार जॉन केरी यांना सल्ला देत होते. त्यांनी ते काम सोडलं. बर्गर यांच्या घोट्यापाशी काहीतरी पांढरं दिसलं, असं एका कर्मचाऱ्याने सांगितलं होतं. तेवढ्यावर उजव्या रेडिओ कार्यक्रमांना आणि वाहिन्यांना ‘पायमोज्यात लपवलेली कागदपत्रं’ मिळाली. पायमोज्यांचा आरोप बर्गर यांनी फेटाळला, पण विनोद कायमचा राहिला. दुसऱ्या बाजूने एकच प्रश्न लावून धरला : बातमी नेमकी आत्ताच का फुटली? प्रश्न गैरवाजवी नव्हता. पण एका माजी सुरक्षा सल्लागाराने सरकारी कागद कात्रीने का कापावेत, या प्रश्नाला तो उत्तर नव्हता. एकीकडे चेष्टा, दुसरीकडे मुहूर्ताची शंका आणि मधे मूळ कृत्य बेवारस. पुढच्या वीस वर्षांत माणसं बदलली, ही मांडणी बदलली नाही.

एप्रिल २००५ मध्ये बर्गर यांनी किरकोळ गुन्ह्याची कबुली दिली. सरकारी वकिलांनी १०,००० डॉलर दंड सुचवला होता, न्यायाधीशांनी ५०,००० ठोठावला. तुरुंगवास झाला नाही.

इथे कायद्याकडे वळावं लागतं, कारण टीव्हीवरच्या चर्चेत सगळ्यात जास्त गोंधळ त्याचाच होतो. अमेरिकेचा हेरगिरीविरोधी कायदा १९१७ सालचा, पहिल्या महायुद्धातला. आज आपण ज्याला ‘टॉप सीक्रेट’चा शिक्का म्हणतो ती नागरी सरकारभर पसरलेली व्यवस्था ट्रूमन यांच्या १९५१ च्या आदेशाने आली. म्हणजे शिक्का नंतरचा, कायदा आधीचा. त्या कायद्यातलं ७९३ कलम कागदावर शिक्का आहे का हे विचारतच नाही. ते विचारतं की माहिती राष्ट्रीय संरक्षणाशी संबंधित आहे का आणि ती जवळ ठेवणाऱ्याने जाणूनबुजून ठेवली का. ट्रम्प यांनी सप्टेंबर २०२२ मध्ये उजवीकडे झुकलेल्या फॉक्स न्यूज वाहिनीवर सूत्रसंचालक शॉन हॅनिटी यांना सांगितलं, की अध्यक्ष नुसत्या मनात आणूनही कागद गोपनीयतेतून मोकळे करू शकतो. त्यावर दोन्ही बाजूंच्या वाहिन्यांनी भरपूर चर्चा झोडली. ज्या कलमाखाली पुढे आरोप ठेवले गेले, त्यात या चर्चेला फारसा अर्थ नव्हता.

दुसरा कायदा १९७८ चा. वॉटरगेटनंतर निक्सन यांनी आपल्या टेप आणि कागदपत्रं ही स्वतःची मालमत्ता असल्याचा हक्क सांगितला, तेव्हा काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, आधी १९७४ मध्ये फक्त त्यांच्यापुरता आणि मग १९७८ मध्ये सगळ्यांसाठी कायदा केला. अध्यक्षाच्या कामकाजाची कागदपत्रं जनतेची. पद सोडताच ती आर्काइव्ह्जकडे जातात. हा नियम लागू झाला २० जानेवारी १९८१ पासून, म्हणजे रीगन यांच्यापासून. त्याआधीचे अध्यक्ष आपले कागद घरी नेत, आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नसे.

गुन्हा कुणावर चढवायचा याबाबत न्याय विभागाचा अलिखित रिवाज पडत गेला. सीआयएचे माजी संचालक जॉन डॉइच यांनी घरच्या संगणकांवर गोपनीय मजकूर ठेवला होता. क्लिंटन यांनी कारकिर्दीच्या शेवटच्या दिवशी, २० जानेवारी २००१ रोजी, त्यांना माफी दिली. जनरल डेव्हिड पेट्रेअस यांनी आपलं चरित्र लिहिणाऱ्या लेखिकेला गोपनीय नोंदवह्या वाचायला दिल्या. २०१५ मध्ये किरकोळ गुन्ह्याची कबुली, दोन वर्षं प्रोबेशन आणि एक लाख डॉलर दंड यावर ते सुटले. मोठ्या माणसांना किरकोळ गुन्हा आणि हाताखालच्यांना तुरुंग, ही तक्रार तेव्हापासूनची आहे. मला ती बऱ्याच अंशी खरी वाटते.

आता माध्यमांची बाजू. कायद्यातला हा बारकावा वाचकांना कुणी समजावून सांगायचा आणि सांगताना चुकलं तर जाब कुणी विचारायचा? अमेरिकेत सरकारने वृत्तपत्रांना जाब विचारावा ही कल्पना वृत्तपत्रस्वातंत्र्य देणाऱ्या राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीत बसत नाही. १९७१ मध्ये व्हिएतनाम युद्धाबद्दलचे गोपनीय ‘पेंटागॉन पेपर्स’ छापायला सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी मोकळीक दिली, तेव्हा ते आणखी पक्कं झालं. मग उरतो स्वतःहून घेतलेला लगाम. १९४७ मध्ये वृत्तपत्रस्वातंत्र्याचा अभ्यास करणाऱ्या हचिन्स आयोगाने तो सुचवला होता. १९७३ मध्ये तक्रारी ऐकणारी नॅशनल न्यूज कौन्सिल निघाली. न्यूयॉर्क टाइम्सने तिला सहकार्य नाकारलं आणि १९८४ मध्ये ती बंद पडली. काही वृत्तपत्रांनी आपल्याच कार्यालयात वाचकांचा प्रतिनिधी नेमला. वॉशिंग्टन पोस्टने १९७० मध्ये, टाइम्सने बऱ्याच उशिरा, २००३ मध्ये, तोही एका वार्ताहराने रचलेल्या बातम्या उघड झाल्यावर.

प्रसारणासाठी वेगळा नियम होता. १९४९ पासून वादग्रस्त विषयावर दोन्ही बाजू दाखवण्याचं बंधन रेडिओ-टीव्ही परवानाधारकांवर होतं. १९८७ मध्ये ते उठलं, आणि १९८८ मध्ये उजव्या विचारांच्या रश लिंबॉ यांचा रेडिओ कार्यक्रम देशभर सुरू झाला. यावरून ‘नियम गेला म्हणून फॉक्स आलं’ असं सरसकट म्हटलं जातं, ते बरोबर नाही. हा नियम हवेतून प्रसारण करणाऱ्यांना लागू होता, केबलवाल्यांना नव्हे. १९९६ मध्ये आधी एमएसएनबीसी आणि मग फॉक्स न्यूज आलं ते केबलवर. नियम राहिला असता तरी त्यांना अडवू शकला नसता.

या पार्श्वभूमीवर २०१५ कडे बघायला हवं. परराष्ट्रमंत्री असताना हिलरी क्लिंटन यांनी सरकारी कामासाठी खासगी सर्व्हरवरचं ईमेल वापरलं, ही बातमी मार्च २०१५ मध्ये टाइम्सनेच दिली आणि ती खरी होती. जुलैमध्ये याच पत्राने आणखी मोठी बातमी दिली, की सरकारी खात्यांच्या कारभारावर नजर ठेवणाऱ्या दोन महानिरीक्षकांनी क्लिंटन यांच्या फौजदारी चौकशीची मागणी केली आहे. प्रत्यक्षात त्यांनी गोपनीय माहिती बाहेर गेली असण्याची शक्यता कळवली होती. ती फौजदारी तक्रार नव्हती आणि थेट क्लिंटन यांच्याविरुद्धही नव्हती. ऑनलाइन मजकूर आधी गुपचूप बदलला गेला, दुरुस्त्या नंतर आल्या. टाइम्सच्या पब्लिक एडिटर, म्हणजे वाचकांच्या प्रतिनिधी, मार्गारेट सलिव्हन यांनी आपल्याच पत्रात यावर कोरडे ओढले. गंमत अशी, की एफबीआयने त्याच महिन्यात खरोखरच फौजदारी तपास उघडला होता. हे तपशिलाने पुढे २०१८ च्या अहवालात आलं. म्हणजे बातमी छापली तशी चूक होती आणि तिच्या पोटातली शंका बरोबर होती. असा गुंता सोडवून सांगायला एक तटस्थ माणूस लागतो. टाइम्सने ते पद २०१७ मध्ये रद्द केलं, पोस्टने २०१३ मध्येच केलं होतं. वाचक सोशल मीडियावर चुका दाखवतातच, असं टाइम्सच्या मालकांकडून सांगण्यात आलं. सोशल मीडियावर चुका दाखवणारे वाचक कोण असतात हे त्यांना ठाऊक नसावं.

५ जुलै २०१६ ला एफबीआयचे संचालक जेम्स कोमी यांनी क्लिंटन यांना ‘अत्यंत निष्काळजी’ म्हटलं, पण खटल्याची शिफारस केली नाही. ३० हजारांवर ईमेलपैकी ११० मध्ये पाठवतानाच गोपनीय असलेला मजकूर सापडला होता. आधीचे खटले कोणत्या कारणांनी उभे राहिले तेही त्यांनी सांगितलं : हेतुपुरस्सर कृत्य, प्रचंड प्रमाण, देशाशी बेइमानी किंवा तपासात अडथळा. ही यादी या सगळ्या प्रकरणाची किल्ली आहे, आणि नेमकी तीच प्रचारात हरवली. त्याच महिन्यात क्लीव्हलंडच्या रिपब्लिकन अधिवेशनात ‘लॉक हर अप’च्या (‘तिला तुरुंगात टाका’) घोषणा झाल्या. २८ ऑक्टोबरला कोमी यांनी तपासाचा धागा पुन्हा हाती घेतल्याचं काँग्रेसला कळवलं. त्यानंतरच्या सहा दिवसांत टाइम्सने पहिल्या पानावर ईमेलवर जितक्या बातम्या दिल्या, तितक्याच निवडणुकीआधीच्या ६९ दिवसांत सगळ्या धोरणविषयांवर मिळून दिल्या होत्या, अशी मोजणी पुढच्या वर्षी कोलंबिया जर्नालिझम रिव्ह्यूमध्ये आली. टाइम्स हे डावीकडे झुकलेलं पत्र मानलं जातं. पक्षपाताचा हिशेब नेहमी दिसतो तितका सरळ नसतो.

मग खोकी. जानेवारी २०२२ मध्ये ट्रम्प यांच्याकडून आर्काइव्ह्जला १५ खोकी परत मिळाली, त्यात गोपनीय शिक्क्याचे कागद निघाले. समन्सनंतर जूनमध्ये आणखी ३८ कागद आले आणि सगळं दिल्याचं लेखी सांगण्यात आलं. ८ ऑगस्टच्या झडतीत आणखी शंभरावर सापडले. आरोपपत्रात जोर होता तो नेण्यावर नव्हे, तर मागूनही न देण्यावर आणि वकिलाच्या नजरेआड खोकी हलवल्याच्या आरोपावर. आरोप सिद्ध झाले नाहीत, कारण खटला उभाच राहिला नाही. न्यायाधीश आयलीन कॅनन यांनी १५ जुलै २०२४ ला हा खटला चालवणारे विशेष वकील जॅक स्मिथ यांची नेमणूकच अवैध ठरवली, आणि नोव्हेंबरमध्ये ट्रम्प निवडून आल्यावर अपील मागे घेतलं गेलं.

ट्रम्प यांच्या पाठीराख्यांनी बचावाला २०१२ चा एक निकाल काढला. त्यात बिल क्लिंटन यांनी मुलाखतींच्या टेप पायमोज्यांच्या खणात ठेवल्याचा उल्लेख होता. पुन्हा पायमोजे! त्या टेप एका लेखकाशी झालेल्या गप्पांच्या होत्या, गुप्तचर यंत्रणांचे कागद नव्हेत. हा फरक कितीशा प्रेक्षकांपर्यंत पोचला असेल?

दुसऱ्या बाजूचं वागणं याहून फार उजवं नव्हतं. जो बायडेन यांच्या जुन्या कार्यालयात गोपनीय कागद सापडले २ नोव्हेंबर २०२२ ला, मध्यावधी निवडणुकीच्या सहा दिवस आधी. लोकांना कळलं ९ जानेवारीला. बायडेन यांनी सहकार्य केलं, स्वतःहून कळवलं, हा फरक खरा आणि महत्त्वाचा होता. पण विशेष वकील रॉबर्ट हर यांच्या फेब्रुवारी २०२४ च्या अहवालात हेही होतं, की उपाध्यक्षपद सोडल्यावर बायडेन यांनी जाणूनबुजून कागद ठेवल्याचे पुरावे मिळाले. २०१७ च्या एका ध्वनिमुद्रणात ‘गोपनीय सगळं आत्ताच खाली सापडलं’ अशा अर्थाचं ते बोलत होते. खटला का नाही, हे सांगताना हर यांनी ज्यूरीला हा सद्हेतूचा, स्मरणशक्ती कमी झालेला वृद्ध गृहस्थ वाटेल असं लिहिलं. डेमोक्रॅटधार्जिण्या माध्यमांत त्या वाक्यावर काहूर माजलं : हर रिपब्लिकन, शेरा राजकीय. हर यांनी घेतलेल्या बायडेन यांच्या मुलाखतीची टेप देण्यास व्हाइट हाऊसने नकार दिला. जून अखेरीच्या वादविवादात देशाने बायडेन यांना पाहिलं आणि २१ जुलैला त्यांनी निवडणुकीतून माघार घेतली. टेप बाहेर आली मे २०२५ मध्ये. हर यांच्यावर तुटून पडलेल्यांपैकी फार थोड्यांनी मागे वळून काही लिहिलं. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे सूत्र प्राइम टाइमला चांगलं चालतं.

माध्यमांना जाब विचारला गेला तो वेगळ्याच दारातून. २०२० च्या निवडणुकीत मतदान यंत्रांनी गडबड केल्याचे खोटे आरोप चालवल्याबद्दल डोमिनियन कंपनीने फॉक्सवर बदनामीचा दावा लावला. एप्रिल २०२३ मध्ये फॉक्सने ७८.७५ कोटी डॉलर देऊन तो मिटवला. पण असा दावा लावायला नुकसान झालेली कंपनी लागते. गोपनीय कागदांच्या अर्धवट बातमीने नुकसान होतं ते वाचकाचं, आणि त्याला कोर्टात जाता येत नाही.

मार्च २०२५ मध्ये येमेनवरच्या हल्ल्याचे तपशील ट्रम्प सरकारच्या वरिष्ठांनी सिग्नल या मेसेजिंग अ‍ॅपवरच्या गटात टाकले. त्या गटात ‘द अटलांटिक’चे संपादक चुकून सामील झालेले होते. मजकूर गोपनीय नव्हताच, असं सरकारने सांगितलं. क्लिंटन यांच्या सर्व्हरवर वर्षभर कार्यक्रम करणाऱ्यांना ते पटलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ट्रम्प यांचे माजी सुरक्षा सल्लागार आणि नंतरचे कडवे टीकाकार जॉन बोल्टन यांच्यावर १८ आरोप ठेवले गेले : पदावर असताना लिहिलेल्या नोंदींची हजारावर पानं खासगी ईमेल आणि मेसेजिंग अ‍ॅपने दोन नातेवाइकांना पाठवल्याचे. २०२३ मध्ये ‘कायदा सगळ्यांना सारखा’ म्हणणारे आता कारवाईच्या वेळेबद्दल आणि सूडाबद्दल विचारू लागले. तेव्हा सूड-सूड म्हणणाऱ्यांना कायदा सारखा वाटू लागला. बोल्टन यांनी आरोप नाकारले. त्यांच्यावर लावलेलं कलमही ७९३ च आहे.