टिकाऊ खळ आणि डागसोड फिनिश

चादरी, पलंगपोस, उशांचे अभ्रे, पडदे, टेबलक्लॉथ अशा घरगुती कापडाला ताठपणा यावा आणि त्यावर पडलेला डाग धुण्यात सुटावा, यासाठी कारखान्यात दिलेले फिनिश. बऱ्याच धुण्यांनंतरही जे टिकते ते ‘टिकाऊ’. घरची खळ किंवा कांजी या व्याख्येत बसत नाही. तरी सुरुवात तिच्यापासूनच करावी लागते, कारण ताठ करणे आणि डाग सोडणे ही दोन्ही कामे पूर्वी ती एकटीच करत होती.

मराठवाड्यात खळ मैद्याची, साबुदाण्याची नाहीतर भाताच्या पेजेची करतात. मैदा आधी गार पाण्यात कालवायचा, मग उकळत्या पाण्यात ओतून तो पारदर्शक होईपर्यंत ढवळायचा, फडक्यातून गाळायचा आणि पांढऱ्या कापडासाठी त्यात नीळ टाकायची. गाळायचा कंटाळा केला, तर इस्त्रीखाली गुठळ्यांचे पिवळे ठिपके उठतात. मे महिन्यात परभणी-नांदेडकडे खळ दिलेले धोतर दोरीवर बघता बघता पापडासारखे कडक होते. मग त्यावर पाणी शिंपडून, गुंडाळून ठेवून, पुन्हा ओलसर झाल्यावरच इस्त्री फिरवता येते. पलंगपोस, गांधी टोपी, टीव्हीवरचा क्रोशाचा रुमाल, सगळ्यांची रीत हीच.

पिठातल्या स्टार्चचे कण साधारण ६० ते ७५ अंश सेल्सियसला पाणी पिऊन फुगतात व फुटतात, आणि वाळल्यावर धाग्यांवर त्यांचा पातळ पापुद्रा बसतो. मळ आणि तेल बरेचसे या पापुद्र्यावरच अडते. पुढच्या धुण्यात पापुद्रा विरघळतो आणि मळ त्याच्याबरोबर जातो. म्हणजे खळ स्वतः जाते आणि कापड वाचवते. परटांना हे रसायनशास्त्र कोणी शिकवलेले नव्हते, पण ‘खळीचं कापड लवकर निघतं’ एवढे त्यांना पक्के ठाऊक होते.

तिचे दोषही तितकेच ठळक. दर धुण्याला नव्याने द्यावी लागते, पावसाळ्यात कुबट वास येतो, कपाटात ठेवले तर कसर लागते. दुकानदारीत तिचा गैरवापरही झाला. भरपूर खळ चढवलेले कोरे कापड हाताला जाड लागते आणि दोन धुण्यांत जाळीदार होऊन बसते. कापड दोन्ही हातांनी चोळून पांढरी भुकटी झडते का हे पाहायची जुनी सवय त्यामुळेच. औषधाच्या डब्यातले टिंक्चर आयोडीन कोपऱ्यावर थेंबभर टाकले, तर स्टार्च असलेली जागा निळी-काळी पडते. ही परीक्षा चोळण्यापेक्षा खात्रीची आहे.

विणकामातली खळ मात्र वेगळी. मागावर घासून ताणा तुटू नये म्हणून सुताला ती देतात, आणि विणून झाल्यावर धुऊन काढतात. नांदेडच्या उस्मानशाही गिरणीसारख्या कापड गिरण्यांत हा स्वतंत्र विभागच असे. खादीचा सदरा दुकानातून येतो तेव्हा मऊच असतो. पुढाऱ्याच्या अंगावर तो कडक दिसतो, ते श्रेय परटाचे.

ताठपणा कायम टिकवायचे मार्ग तीन. पहिला, पॉलिव्हिनाइल ॲसिटेट किंवा ॲक्रिलिकच्या पांढऱ्या दुधासारख्या द्रावात कापड बुडवून धाग्यांवर पाण्यात न विरघळणारा पापुद्रा बसवायचा. दुसरा, मेलॅमिन-फॉर्मल्डिहाइडसारखे रेझिन (तापवल्यावर घट्ट होणारे कृत्रिम राळेसारखे द्रव्य) धाग्यात मुरवून उष्णतेने पक्के करायचे. तिसरा फक्त सुती कापडासाठी : तीव्र गंधकाम्लात ते काही सेकंदच ठेवून लगेच धुवायचे, म्हणजे तंतूचा पृष्ठभागच बदलतो. ऑर्गंडी या पातळ सुती कापडाचा कडक, झिरझिरीत पोत असाच येतो, आणि तो धुऊन जाण्याचा प्रश्नच नाही. पहिल्या दोन मार्गांत कापड द्रावातून काढून रुळांमध्ये पिळतात, वाळवतात, आणि रेझिन असेल तर साधारण १५० ते १७० अंशांवर काही मिनिटे तापवतात. रेझिन जास्त झाले की सुती कापड ठिसूळ होते आणि घडीवर फाटते.

खरी अडचण इथून पुढे सुरू होते. टिकाऊ पापुद्रा धुण्यात जात नाही, म्हणून त्याला धरलेला मळही जात नाही. त्यातून रेझिन दिलेले सूत आणि पॉलिस्टर हे दोन्ही पाण्यापेक्षा तेलाला जवळचे. १९६०च्या दशकात बिनइस्त्रीचे पॉलिस्टर-सुती कापड पाश्चात्त्य देशांत घरोघरी पोचले, तेव्हा गळपट्ट्यांवर आणि टेबलक्लॉथवर तेलाचे डाग राहू लागले, आणि डागसोड फिनिशचे संशोधन तिथून वाढले.

डाग ‘न लागू देणे’ आणि डाग ‘सोडणे’ यांत गल्लत होते, विक्रेते तर ती मुद्दाम करतात. पहिल्या प्रकारात थेंब कापडावर मोत्यासारखा उभा राहतो. दुसऱ्यात तो खुशाल मुरतो, पण साबणाच्या पाण्यात फिनिश पाणी ओढून घेते, फुगते आणि तेल तंतूवरून उचलले जाते. यासाठी कार्बॉक्सिल गट (रेणूचे पाणी ओढणारे आम्लधर्मी भाग) असलेली ॲक्रिलिक बहुवारिके, म्हणजे लांब साखळीचे रेणू, वापरतात, किंवा पॉलिस्टरसारखा एक तुकडा आणि पाणी ओढणारा पॉलिएथरचा दुसरा तुकडा जोडलेली बहुवारिके. यातला पहिला तुकडा पॉलिस्टरच्या तंतूला चिकटून राहतो, दुसरा पाण्याकडे तोंड करतो. अमेरिकेच्या थ्रीएम कंपनीत पॅट्सी शेरमन आणि सॅम्युएल स्मिथ यांनी फ्लुओरिनयुक्त रसायनांतून दोन्ही गुण असलेले फिनिश घडवले. कंपनीचे स्कॉचगार्ड हे डागरोधक १९५६ मध्ये बाजारात आले होते. या वर्गातली काही द्रव्ये निसर्गात जवळपास नष्टच होत नाहीत, हे पुढे उघड झाले. कंपनीने २००० साली त्यांतले पीएफओएस थांबवण्याची घोषणा केली, आणि निसर्गात टिकून राहणाऱ्या घातक रसायनांवर बंधने घालणाऱ्या स्टॉकहोम करारात पीएफओएस २००९ मध्ये व त्याच वर्गातले पीएफओए २०१९ मध्ये नोंदले गेले.

फिनिशची परीक्षा ए.ए.टी.सी.सी. या अमेरिकी वस्त्र-रसायन संघटनेच्या १३० क्रमांकाच्या पद्धतीने होते. मक्याच्या तेलाचे थेंब टाकायचे, वजन ठेवून ते कापडात दाबायचे, धुवायचे, आणि उरलेल्या डागाला ५ (डाग नाही) ते १ असे गुण द्यायचे. मराठवाड्याच्या घरातला डाग मक्याच्या तेलाचा नसतो. इथे करडईचे तेल. त्यात लिनोलिक आम्ल हे मेदाम्ल भरपूर असल्याने हवेत ते हळूहळू घट्ट, चिकट होत जाते. धपाट्यांचा डबा बांधलेली दस्ती (रुमाल) किंवा जेवताना अंथरायचे दस्तरखान त्याच दिवशी धुतले तर निघते. आठवडाभर पडले तर पिवळा डाग कुठल्याही फिनिशला दाद देत नाही.

हळदीची गोष्ट त्याहून निराळी. हळद हा सुताला थेट धरणारा रंगच आहे, तेव्हा पाणी ओढणारा थर तिथे फारसा उपयोगी पडत नाही. साबण लागला की डाग लाल होतो आणि घाबरून माणूस आणखी घासतो. तो नुसता साबणातल्या अल्कलीचा परिणाम आहे. कापड उन्हात टाकावे, प्रकाशाने हळदीचा रंग उडतो. उन्हाची इथे टंचाई नाही.

टंचाई पाण्याची. २०१६च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा वेळी धुणे बोअरच्या जड पाण्यावर येते, आणि त्यातले कॅल्शियम कार्बॉक्सिल गटांना धरून बसते आणि फिनिश हवे तसे फुगत नाही. पॉलिएथर जातीच्या फिनिशला हा त्रास कमी. शिवाय ही सगळी रचना कोमट पाणी आणि यंत्राची घुसळण धरून केलेली आहे. एका बादलीत भिजवून दगडावर आपटण्यात फिनिशपेक्षा हाताचेच काम जास्त होते. धुण्यात शेवटी कापड मऊ करणारे द्रव्य टाकणे हा आणखी एक घात, त्याचा तेलकट थर फिनिशला झाकून टाकतो.

नव्या चादरीला येणारा डोळे झोंबणारा वास बहुधा रेझिनमधल्या फॉर्मल्डिहाइडचा असतो. पहिल्या वापराआधी एकदा धुवावी. अशी रेझिनची चादर जुनी झाली तरी वाकळेत, म्हणजे जुन्या कपड्यांच्या गोधडीत, फारशी रमत नाही. तिच्या घट्ट, ताठ थरातून सुई जड जाते. शिवणारीचा हात आधी जातो तो जुन्या धोतराकडे आणि सुती लुगड्याकडे, ज्यातली खळ कधीच धुऊन गेलेली असते.