ओवी, अभंग आणि रविवारची उपासना

मराठी ख्रिस्ती मंडळीत रविवारी उपासनेला बसले की हे हमखास दिसते. पाळक गीताचा क्रमांक सांगतात, सगळे पाने चाळू लागतात, आणि एखाद्या आजी मांडीवरचे पुस्तक न उघडताच पहिल्या कडव्यात शिरलेल्या असतात. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या विश्वास असाच, कानातून आत गेला. प्रवचनाचा वाटा त्यात आहेच, पण गाण्याचा मोठा.

याची सुरुवात गोव्यात झाली. जेझुइट या कॅथलिक संघाचे इंग्रज फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली तिथे उतरले आणि साष्टीत रमले. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांची जुनी पुराणे सुटली होती आणि लॅटिनमधला मिस्सा, म्हणजे देवळातला मुख्य उपासनाविधी, त्यांना कळत नव्हता. १६१६ मध्ये फादरांचे ‘क्रिस्तपुराण’ रोमन लिपीत छापून निघाले. मराठीच्या थोरवीची त्यातली ओवी आपण शाळेत शिकतो, पण हजारो ओव्यांचा हा ग्रंथ मुळात देवळात मोठ्याने वाचण्यासाठी होता, हे शाळेत कोणी सांगत नाही.

नंतरची मोठी घडामोड नगरची. अमेरिकन मराठी मिशनचे काम १८१३ मध्ये मुंबईत सुरू झाले आणि १८३१ मध्ये नगरला पोचले. मिशनऱ्यांनी आपली गीते मराठीत आणली ती पाश्चात्त्य चालींसकट. त्या चालीत ऱ्हस्व अक्षर ताणले जाई, दीर्घ अक्षर गिळले जाई आणि शब्द परके होत. अभंगाचे तसे नाही. सहा-सहा अक्षरांचे तीन चरण, चौथा चार अक्षरांचा, दुसऱ्या-तिसऱ्याचे यमक : एकदा ऐकले की जिभेवर बसते. गावोगावच्या मंडळ्यांतले बहुतेक लोक महार-मांग समाजातून आलेले, ज्यांना अक्षरापासून दूर ठेवले गेले होते. त्यांच्यासाठी ही सोय फार मोलाची होती. १८६०च्या दशकात नगरला ख्रिस्ती कीर्तनही उभे राहिले. कृष्णराव सांगळे यांनी ते नावारूपाला आणले. बायबलमधली उधळ्या पुत्राची गोष्ट झांजेच्या साथीने ऐकू येऊ लागली.

मग आले नारायण वामन टिळक. १८९५ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. आपण तुकोबांच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते मानत. त्यांनी मंडळीला नुसत्या चाली दिल्या नाहीत, देवाला हाक मारायची रीत दिली. त्यांच्या गीतांत ख्रिस्त सद्‌गुरू आहे, माउली आहे. माझ्या मते सगळ्यात खोल बदल इथे झाला. जो माणूस दर रविवारी देवाला ‘माउली’ म्हणतो, त्याला पापाची कबुली देताना न्यायाधीश आठवत नाही, रुसलेली आई आठवते. धर्मशिक्षणाच्या प्रश्नोत्तरांतून हे शिकवता आले नसते.

कॅथलिकांना लोकभाषेची मुभा रोमहून मिळाली ती दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६३च्या दस्तऐवजाने. वसईत मिस्सा मराठीत होऊ लागला, आणि जपमाळ ओढत लॅटिन ऐकणारी माणसे तोंडाने उत्तरे देऊ लागली.

आज शहरी मंडळ्यांत पेटी-तबल्याशेजारी, कुठे त्यांच्या जागी, गिटार आणि कीबोर्ड आले आहेत. तरुण मुले मनापासून गातात, आणि ते पाहून बरे वाटते. पण त्यांच्या नव्या गीतांत ‘राजा’ आणि ‘विजय’ पुन्हापुन्हा येतात. ‘माउली’ क्वचितच.