घरातली जास्वंद फिकी का फुलते?

रत्नागिरी-मालवणकडे लाल जास्वंद कोणी मुद्दाम जोपासत नाही; गडग्याच्या कडेला खोवलेली फांदी पावसात जीव धरते आणि पुढे गणपतीला पुरतील इतकी फुले देते. तीच जास्वंद कुंडीतून फ्लॅटच्या दिवाणखान्यात आली की कळ्या गळू लागतात आणि जे फूल उमलते त्याचाही रंग उतरलेला असतो. दोष बहुधा मातीला दिला जातो. खरी उणीव उजेडाची असते.

जास्वंदीच्या पाकळीतला लाल रंग अँथोसायनिन या पाण्यात विरघळणाऱ्या द्रव्यांचा, तर पिवळा कॅरोटिनॉइडांचा. नारिंगी फुलांत सहसा दोन्ही असतात. कोणते द्रव्य बनवायचे हे वाणाची जनुके ठरवतात, पण किती बनवायचे यात हवामानाचा हात असतो. अँथोसायनिन घडवायला साखर लागते, ती पाने उन्हातच तयार करतात. शिवाय निळा आणि अतिनील प्रकाश अँथोसायनिन घडवणारी जनुके कार्यान्वित करतो. भर दुपारी अंगणात सुमारे एक लाख लक्स (उजेड मोजण्याचे एकक) उजेड असतो, खोलीच्या मधोमध जेमतेम काहीशे, आणि खिडकीची साधी काच अतिनील किरणांचा ‘बी’ पट्टा जवळजवळ सगळा अडवते. उष्णतेत अँथोसायनिन कमी बनते आणि बनलेलेही लवकर विघटित होते; म्हणून ऑक्टोबरच्या उकाड्यात पिवळ्याकडे झुकलेले नारिंगी फूल पौषात त्याच झाडावर लालसर येऊ शकते. रंगाची ही जुळवाजुळव बरीचशी कळीतच होत असल्याने उमललेले फूल उन्हात नेऊन फारसा उपयोग नाही.

जास्वंदीच्या पाकळ्यांचा अर्क लिंबाने गडद गुलाबी आणि चुन्याच्या निवळीने हिरवट होतो, हा शाळेतला प्रयोग अनेकांना आठवत असेल. त्यावरून कुंडीत लिंबू पिळण्याचे किंवा चुना घालण्याचे सल्ले दिले जातात, ते मात्र व्यर्थ आहेत, कारण पाकळीच्या पेशी आपली आम्लता स्वतःच सांभाळतात. हायड्रेंजिया या शोभेच्या झुडपाच्या फुलांचा रंग मातीनुसार बदलतो तो ॲल्युमिनियममुळे. जास्वंदीत तशी व्यवस्था नाही. चुना जास्त झाला तर मुळांना लोह मिळत नाही आणि कोवळी पाने शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात, एवढाच काय तो परिणाम.

विकतच्या कलमी रोपावर एके दिवशी साधी लाल फुलेच येऊ लागली, तर हवामानाला दोष देण्याआधी कलमाचा सांधा पाहावा. आंब्याची कलमे बांधणाऱ्या मुलखात हे सांगायला नको, पण सांध्याखालून फुटलेला खुंटाचा (ज्यावर कलम बांधले त्या मुळाकडच्या झाडाचा) धुमारा वरच्या नाजूक वाणाला दाबून टाकतो. तो दिसताच बुडातून काढावा.

घरात कुंडी ठेवायचीच असेल, तर रोज पाचसहा तास थेट ऊन येणारी दक्षिणेची किंवा पश्चिमेची खिडकी निवडावी. पावसाळ्यात ढगांमुळे तेही मिळत नाही, तेव्हा पाणी कमी करावे आणि पिठ्या ढेकणासाठी पानांची खालची बाजू तपासत राहावे. पाऊस सरल्यावर झाड एकदम उन्हात ठेवू नये. आधी आठवडाभर पडवीत, मग सकाळच्या उन्हात, अशा टप्प्यांनी न्यावे, नाहीतर सावलीत वाढलेली पाने करपतात.