बॅटरी नवी, तरी सेल्फ नुसता टक्

पहाटे वाशी मार्केटला निघायचंय आणि जुनी पिकअप चावी फिरवल्यावर नुसतं टक् करून गप्प, असं झालं की आपल्याकडे पहिला बळी बॅटरीचा जातो. नवी बॅटरी येते, मग सेल्फ खोलून कार्बन बदलतात, तरी अधूनमधून टक् चालूच, मग कोणीतरी सांगतं की बॅटरी लादीवर ठेवली होती म्हणून उतरली (आजच्या प्लास्टिक डब्याच्या बॅटरीला लादीने काहीही होत नाही) आणि शेवटी बंपरला ताजं लिंबू-मिरची. चावीच्या स्विचवर संशय कोणी घेत नाही कारण डॅशबोर्डचे दिवे लागतायत ना, म्हणजे स्विच ठीकच असणार! पण दिव्यांना लागतो एखाद-दुसरा अँपियर. सेल्फच्या सॉलेनॉइडला (वेटोळ्याचा चुंबक, जो आतला दांडा ओढून मोटरचा करंट जोडतो) पहिल्या झटक्यात लागतात 30च्या आसपास, आणि बऱ्याच जुन्या गाड्यांत हा सगळा करंट थेट चावीच्या स्विचमधूनच जातो.

आता मला खरं ज्यात मजा वाटते ते. स्विच चालू म्हणजे धातूला धातू चिकटला असं आपण धरून चालतो, पण सूक्ष्मदर्शकातून बघितलं तर दोन्ही पृष्ठभाग खडबडीत असतात आणि ते खरे टेकतात फक्त काही टोकांवर. राग्नर होल्म नावाच्या स्वीडिश शास्त्रज्ञाने विसाव्या शतकात यावर आयुष्य घालवलं. बाहेरून नखाएवढा दिसणारा कॉन्टॅक्ट, पण करंट वाहतो तो त्या मोजक्या ठिपक्यांतून. दादरला फलाट कितीही रुंद असला तरी गर्दी पुलाच्या जिन्यातच तुंबते ना, तसंच, वायर कितीही जाड घ्या, अडथळा त्या ठिपक्यांशी. त्यात मुंबईची खारी दमट हवा. तांब्यावर ऑक्साइड चढतं, चांदीचा मुलामा असेल तर गटाराच्या वासातल्या गंधकाने तो काळा पडतो, आणि एकेक ठिपका बाद होत जातो.

दुसरा शत्रू ठिणगी. चांदी किंवा तांब्याच्या कॉन्टॅक्टमध्ये आर्क, म्हणजे सतत जळती ठिणगी, टिकायला साधारण 12-13 व्होल्ट लागतात, म्हणजे आपली 12 व्होल्टची गाडी बरोब्बर उंबरठ्यावर, आणि सॉलेनॉइड तर वेटोळं आहे, त्याचा करंट तोडला की ते स्वतःच मोठा उलटा व्होल्टेज फेकतं, झाला उंबरठा पार. घरच्या विजेत (एसी, दिशा बदलणारा करंट) करंट सेकंदाला 100 वेळा शून्यावर येतो म्हणून ठिणगी विझायला संधी मिळते, बॅटरीच्या एकाच दिशेच्या डीसीमध्ये तसं काही नाही. दर वेळी चावी सोडली की थोडा धातू वितळून एका बाजूचा दुसऱ्या बाजूला जातो, एकीकडे खड्डा तर दुसरीकडे टेंगूळ. जुना स्विच फोडून बघा, दोन्ही दिसतात.

हिशोब करू. सॉलेनॉइडच्या वेटोळ्याचा रोध 0.4 ओहम धरला तर 12 व्होल्टला करंट 30 अँपियर. स्विचमध्ये फक्त 0.1 ओहम वाढला की करंट 24. ओढण्याचा जोर ढोबळमानाने करंटच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे 0.8 गुणिले 0.8, चौसष्ट टक्के, एक तृतीयांशाहून जास्त जोर गायब. आतला दांडा अर्धवट सरकतो आणि मोटरचा मोठा कॉन्टॅक्ट लागतच नाही. ऐकू येतं टक्.

मल्टिमीटरची बीप इथे सपशेल फसवते. बीपच्या रेंजमध्ये मीटर मिलीअँपियरभर किंवा त्याहून कमी करंट सोडतो आणि बरेच मीटर 30-40 ओहमपर्यंतही खुशाल बीप करतात, आपण शोधतोय 0.1! म्हणून काम करतानाच मोजायचं. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, मीटर 20 व्होल्ट डीसीवर, एक पिन बॅटरीच्या प्लसला आणि दुसरी सॉलेनॉइडच्या बारीक वायरच्या टर्मिनलला, दुसऱ्याला चावी फिरवून धरायला सांगा. अर्ध्या व्होल्टच्या आत आलं तर हा रस्ता ठीक, मग बॅटरी, अर्थिंग, सेल्फ बघा. दोन-तीन व्होल्ट दिसले तर स्विचच्या मागच्या कपलरवर (वायरी जोडणाऱ्या प्लास्टिकच्या सॉकेटवर) येऊन आत येणारी वायर आणि सेल्फला जाणारी वायर यांच्यात हेच माप घ्या, बहुतेक व्होल्ट तिथेच मिळाले तर चोर सापडला.

बदलणं त्यामानाने सोपं. आधी बॅटरीची मायनस काढा, स्टीअरिंगखालचं कव्हर उघडा. चावीचं लॉक आणि मागचा इलेक्ट्रिक भाग बऱ्याच जुन्या गाड्यांत वेगवेगळे असतात, मागचा भाग दोन स्क्रूवर निघतो, चावी तीच राहते, त्यामुळे कुर्ल्याला सीएसटी रोडवर कोणी आख्खा लॉक सेट गळ्यात मारत असेल तर आधी हे विचारा. कपलर पिवळा पडला किंवा वितळला असेल तर तोही बदलायचाच, ढिल्या पिनेने नवा स्विचही तसाच जळतो. स्प्रे मारून स्विच नवा होतो म्हणणाऱ्या व्हिडिओंवर जाऊ नका, मळ निघेल पण खड्डा भरत नाही. (लिंबाने तांब्याचा काळेपणा निघतो हे खरं, पण ते बंपरला बांधून नाही.) एअरबॅग असलेल्या गाडीत मात्र स्टीअरिंगशी खेळू नका.

चावीला जड जुडगा लटकवणंही बंद करा. 2014 साली जनरल मोटर्सने अमेरिकेत लाखो गाड्या परत बोलावल्या त्या अशाच स्विचपायी, आतली स्प्रिंग कमजोर, हिसका बसला की चालत्या गाडीत चावी मागे सरकायची, इंजिन बंद आणि एअरबॅगही बंद. कंपनीच्या भरपाई योजनेत 124 मृत्यूंचे दावे मान्य झाले.

आणि स्विच बदलताय तर सोबत एक चार पिनांचा 40 अँपियरचा रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) टाकून घ्या. त्याच्या वेटोळ्याला जेमतेम 0.2 अँपियर लागतो, तेवढाच चावीतून जातो, जड करंट रिले घेतो. पिनांवर नंबर असतात: 30 नंबरला बॅटरीची वायर फ्यूजमधून, 87 सॉलेनॉइडला, 86 ला चावीकडून येणारी, 85 अर्थला. बॉनेटखाली बसवताना पिना खालच्या बाजूला ठेवा, नाहीतर पावसाळ्यात पाणी आत मुरतं.