इलेक्ट्रिक गिटार : नादनिर्मिती

पोलादी तारांचे कंपन चुंबकीय पिकअपने टिपून ते विद्युत संदेशाच्या रूपात ॲम्प (ध्वनिवर्धक) व स्पीकरद्वारे ऐकवणारे तंतुवाद्य. भरीव अंगाची गिटार ॲम्पला न जोडता छेडली, तर खोलीच्या दुसऱ्या टोकाला जेमतेम ऐकू येते. म्हणून तारेपासून स्पीकरपर्यंतची सगळी साखळी मिळून एक वाद्य समजावे.

उगम : जनकत्वाबद्दल एकमत नाही. शिकागोच्या स्ट्रॉमबर्ग-व्हॉइसिनेट कंपनीने १९२८ च्या सुमारास विजेवर चालणारी गिटार विक्रीस आणली होती. मात्र तिच्यातले उपकरण लाकडी पृष्ठाचे कंपन टिपत असे. तारेचे कंपन थेट पकडणारी पहिली यशस्वी रचना जॉर्ज बीचम याने १९३१-३२ मध्ये केली व ॲडॉल्फ रिकनबॅकरच्या साहाय्याने ती बाजारात आली. ओतीव ॲल्युमिनियमची, मांडीवर आडवी ठेवून वाजवायची ही गिटार आकारामुळे ‘फ्राइंग पॅन’ म्हणून ओळखली जाते. पेटंटचा अर्ज १९३४ चा, मंजुरी १९३७ ची. आडवी वाजवायची म्हणून काही अभ्यासक तिला या वंशातून वगळतात. पण पिकअप हीच या वाद्याची ओळख मानली, तर मान तिलाच द्यावा लागतो.

भरीव अंगाचा वाद याहून चिवट आहे. गिटारवादक लेस पॉल याने १९४०-४१ च्या सुमारास पाइनच्या ठोकळ्यावर तारा ताणून केलेला ‘लॉग’, कारागीर पॉल बिग्स्बीने वादक मर्ल ट्रॅव्हिससाठी १९४८ मध्ये घडवलेली गिटार आणि गिटारनिर्माता लिओ फेंडरची १९५० ची ब्रॉडकास्टर (१९५१ पासून टेलिकास्टर) यांपैकी पहिली कोणती, हे ‘पहिली’चा अर्थ काय घ्यायचा त्यावर ठरते. मोठ्या संख्येने बनली आणि टिकली, या निकषावर फेंडरकडे झुकणारे मत अधिक ग्राह्य वाटते. भरीव अंगाची निकड मात्र वादातीत आहे. पोकळ गिटारचे पृष्ठ स्पीकरच्या आवाजाने आपसूक थरथरते, तो थरकाप पुन्हा पिकअपमधून ॲम्पला जातो आणि न थांबणारा घोंघाट सुरू होतो.

पिकअप : नेहमीच्या सिंगल कॉइल पिकअपमध्ये सहा लहान चुंबकांभोवती सुमारे ०.०६३ मिमी जाडीच्या तांब्याच्या तारेचे साधारण ८,००० वेढे असतात. चुंबकामुळे वरची पोलादी तारही चुंबकित होते. ती हलली की वेढ्यांतील चुंबकीय प्रवाह बदलतो व त्या बदलाच्या वेगाच्या प्रमाणात विद्युत दाब निर्माण होतो. अकूस्टिक गिटारच्या ब्राँझ तारा चढवल्या तर जाड तारा दबक्या आणि वरच्या दोन साध्या तारा भसकन मोठ्या वाजतात, कारण ब्राँझचे वेष्टन पिकअपला ‘दिसत’ नाही, आतली पोलादी गाभ्याची तार तेवढी दिसते.

हेच वेढे आसपासच्या वीजवाहिन्यांची ५० किंवा ६० हर्ट्‌झची गुणगुणही पकडतात. गिब्सन या गिटार कंपनीच्या सेथ लव्हर याने (अर्ज १९५५, पेटंट १९५९) दोन कॉइल शेजारी ठेवून एकीचे वेढे व चुंबकाची दिशा दोन्ही उलटी केली. त्यामुळे तारेचे संदेश एकमेकांत मिळतात, दोन्ही कॉइलांतील गुणगुण मात्र एकमेकींना रद्द करते. हा हंबकर. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी झाली तर गिटार ठीक आहे; उलट वाढली, तर जॅकमधील (केबल खोचायच्या खाचेतील) जोडणी उलटी असण्याचा संभव असतो. अशी गिटार दुरुस्तीपूर्वी वाजवू नये.

पिकअपची जागा निर्णायक. ब्रिजजवळ (तारा अंगावर टेकतात तेथे) मूलस्वराचे आंदोलन लहान असते, त्यामुळे वरचे हार्मोनिक (मूलस्वराच्या पटीतले स्वर) तुलनेने ठळक येऊन नाद धारदार होतो. मानेजवळ तो गोल व भरदार. लाकडाच्या जातीमुळे नाद किती बदलतो, यावर वादक आणि प्रयोगकर्ते यांचे जुळत नाही. एवढे खरे, की पिकअपची जागा व उंची बदलल्याने पडणारा फरक कोणालाही सहज ऐकू येतो.

केबल व नॉब : पिकअप आणि केबल मिळून एक अनुनादी मंडल (ठरावीक कंप्रतेला जास्त प्रतिसाद देणारे) होते व त्याचा उंचवटा बहुधा २ ते ५ किलोहर्ट्‌झमध्ये पडतो. केबलची धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) दर मीटरला साधारण १०० पिकोफॅरड धरली, तर ३ मीटरऐवजी ९ मीटरच्या केबलने हा उंचवटा खाली सरकतो आणि आवाज मंद, झाकल्यासारखा होतो. सिंगल कॉइलसाठी बहुधा २५० व हंबकरसाठी ५०० किलोओहमचे पॉट (नॉबखालचे बदलते रोधक) बसवतात. व्हॉल्यूमचा नॉब खाली आणला की तीक्ष्णताही घटते. तो बिघाड नव्हे.

डिस्टॉर्शन : संदेश ॲम्पच्या कुवतीपलीकडे गेला की लहरीचे शेंडे कापले जातात व मूळ आवाजात नसलेले हार्मोनिक उपजतात. दोन स्वर एकत्र असले तर त्यांच्या वजाबाकीचे स्वरही निघतात. सा-प वाजवताना ११० व १६५ हर्ट्‌झमधून ५५ हर्ट्‌झ निघतो, तो सा चाच खालचा सप्तक. गंधार मिसळला की वजाबाकी सुरात बसत नाही, म्हणून पूर्ण कॉर्ड चिखल होते आणि वादक गंधार गाळतात. गिटारचा स्पीकर ५ किलोहर्ट्‌झच्या वर झपाट्याने पडतो. तो वगळून डिस्टॉर्शन थेट हेडफोनला दिले, तर माशी गुणगुणावी तसा चरचराट येतो.

जुळवणी : बाराव्या पट्टीवर (फ्रेटवर) दाबलेला स्वर तेथल्याच हार्मोनिकपेक्षा (तार न दाबता नुसती स्पर्शून काढलेल्या स्वरापेक्षा) चढा आला तर सॅडल (ब्रिजवरचा तारेचा टेकू) मागे, म्हणजे मानेपासून दूर, उतरा आला तर पुढे घ्यावे. नव्या तारा चढवूनच हे करावे, कारण झिजलेली तार मुळातच बेसूर असते. पिकअप तारेच्या फार जवळ आणला तर चुंबक तिला ओढतो आणि जाड तार वरच्या पट्ट्यांवर एकाच वेळी दोन सूर निघाल्यासारखी डुलते. शेवटची पट्टी दाबून तार व पिकअप यांत सुमारे २ मिमी अंतर ठेवून सुरुवात करावी.